भाड्याच्या घरात बाथरूमच्या नळाला शॉक: वायरिंग कुणी करायचं, आणि ५.५ किलोवॅटचा शॉवर चालेल का?

मंगळवारपेठ_पहिला_मजला

जुनं घर, पहिला मजला. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, महिना ९,००० रुपये. बाथरूममध्ये मालकांनीच बसवलेला ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर आहे. तो चालू असताना ओला हात नळाला लागला की मुंग्या येतात, बंद केल्यावर काही नाही. प्लग टॉपची एक पिन काळी पडलीय, सॉकेट पिवळा झालाय. मेन बोर्डापासून बाथरूम ११ मीटर, वायर दीड एमएम तांब्याची. मेनला ३२ अँपिअरचा एकच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) नाही.

मालकांचं म्हणणं असं की वापर तुमचा, दुरुस्तीही तुमची, आणि भिंती फोडायच्या नाहीत. हा गिझर काढून त्याच पॉईंटवर ५.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर लावला तर चालेल का? आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो का?

तारजोडणी

शॉवरचं नंतर बघू. आधी गिझरचा प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या बोर्डांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परत नेणाऱ्या तारेवर) घातलेलं बऱ्याचदा सापडतं, मग बटण बंद असलं तरी आतल्या कॉइलला फेज असतोच.

मुंग्या येतात याचा अर्थ दोन गोष्टी एकदम बिघडल्यात. कॉइलचं इन्सुलेशन गळतंय, आणि तो गळालेला करंट जमिनीत न्यायला अर्थिंग नाही. अर्थिंग शाबूत असतं तर गळती तिकडून गेली असती, नळापर्यंत आली नसती. आज मुंग्या आहेत, उद्या कॉइलला मोठी चीर गेली तर त्याच नळावर २३० व्होल्ट येतील. ओल्या अंगाला तेवढे जीव घ्यायला पुरतात.

मेन बंद करून सॉकेट उघडायला सांगा. अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत वायरचा छोटा तुकडा जोडलेला आहे का, हे मुद्दाम बघा. पेठांतल्या जुन्या घरांत अर्थची वायर ओढायचा त्रास वाचवायला हा उद्योग केलेला असतो. मीटर लावून अर्थ आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मोजलं तर शून्य दिसतं, म्हणून वाटतं अर्थिंग उत्तम आहे. पण मागे कुठे न्यूट्रल सैल झाला की गिझर चालू करताक्षणी फेज कॉइलमधून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून सरळ गिझरच्या बॉडीवर येतो. गिझर नवाकोरा असला तरी.

अर्थ पाण्याच्या पाइपला बांधलेली असेल तर तीही अर्थ नव्हे. कुठेतरी मध्ये पीव्हीसीचा तुकडा आलेला असतोच.

आता वायर. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. कंड्युटमधली (भिंतीतल्या पाइपमधली) दीडची वायर तिथे काठावर आहे. ५.५ किलोवॅट म्हणजे २४ अँपिअर. ११ मीटर जाऊन ११ मीटर परत, अशा दीडच्या वायरचा रोध साधारण ०.२९ ओहम भरतो. २४ अँपिअरला त्या वायरीत सुमारे १७० वॅट उष्णता तयार होते, तीही भिंतीच्या आत. वरचा एमसीबी ३२ चा, म्हणजे वायर वितळेल पण एमसीबी पडणार नाही. शिवाय १६ अँपिअरच्या सॉकेटवर २४ अँपिअरची वस्तू लावताच येत नाही. त्या पॉईंटवर शॉवर नको.

करारनामा_वाचा

कायद्याच्या बाजूने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर तो स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. ९,००० च्या हिशोबाने वर्षाला २७,००० रुपये. पावत्या जपून ठेवायच्या, कारण खर्चाचा पुरावा त्याच.

पण घाई करू नका. हे कलम भाडेकरूचं आहे आणि तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे कागदावर तुम्ही परवानाधारक. तिथे करारातली कलमं चालतात. कलम १४ चा हवाला देऊन परस्पर पैसे कापले तर मालक थकबाकी दाखवतील आणि डिपॉझिटमधून वळते करतील. म्हणून करारातलं दुरुस्तीचं कलम शब्दशः वाचा. बहुतेक छापील मसुद्यांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची आणि मोठी मालकाची असं असतं, पण किरकोळ म्हणजे काय ते लिहिलेलं नसतं. वाद तिथेच होतो.

बोलणीसाठी एक आधार वापरा. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात आतलं-बाहेरचं वायरिंग मालकाकडे, तर स्विच, सॉकेट आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे दिलीय. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे हे बंधनकारक नाही. पण वाटणी रास्त आहे, आणि मालकांना दाखवली तर पटते.

घरमालक_राजारामपुरी

मालकाच्या बाजूने लिहितो. कॉइलवर क्षार चढून ती गेली तर राहणाऱ्याने बदलावी, हे मला मान्य. बोअरच्या पाण्यावर चालवलेल्या गिझरच्या कॉइलवर बोटभर थर बसलेला असतो. पण अर्थिंग नसणं हा घराचा दोष आहे. या जागी दुसरं कोणी राहायला आलं असतं तरी तो तसाच असता. तो खर्च मालकाचाच. उद्या काही विपरीत घडलं तर विचारणा मालकालाच होणार.

भिंत फोडायची गरज नाही हे त्यांना नीट सांगा. केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या प्लॅस्टिक पट्टीतून) वायर भिंतीवरून नेता येते. जुन्या मातीच्या भिंतीत खाच पाडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणखी एक. बिलावर मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरायला परवानगी आहे तो आकडा) किती आहे बघा. जुन्या जोडणीला तो एक-दोन किलोवॅटच असतो. ५.५ चा शॉवर लावायचा तर भार वाढवून घ्यावा लागेल. वीजबिल मालकाच्या नावाने, म्हणजे महावितरणकडे अर्जही त्यांचाच, सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. मीटरच्या पुढचं वायरिंग महावितरण बघत नाही, त्यामुळे तिकडे तक्रार करून उपयोग नाही.

मंगळवारपेठ_पहिला_मजला

सॉकेट उघडला. अर्थ-न्यूट्रलमध्ये तुकडा निघाला. गिझरची कॉइल ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) बॉडीशी ०.०५ मेगओहम दाखवते. मालक केसिंग-कॅपिंगला आणि परड्यात अर्थिंग करायला तयार झालेत, गिझर मी बघायचा असं ठरलं. सामान काय लिहून देऊ? कुणी गॅस गिझर सुचवतंय.

तारजोडणी

इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम हवा. तुमचा त्याच्या विसाव्या भागावर आलाय, म्हणजे कॉइल गेलीच. तो गिझर पुन्हा लावू नका.

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जुन्या बाथरूमला खिडकी म्हणजे वीतभर झरोका.

शॉवरचा मोह सोडा. ५.५ किलोवॅट जळूनही पाणी २० अंशांनी तापवायचं तर मिनिटाला जेमतेम चार लिटर मिळतं. त्यापेक्षा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, आयएसआय मार्कचा स्टोरेज गिझर घ्या. ९ अँपिअरच्या आत राहतो आणि हिवाळ्यात सतरा-अठरा मिनिटांत पाणी ५५ अंशांवर जातं. मंजूर भारात बसतो का तेवढं बिलावर बघा.

सामान असं: मेन बोर्डापासून अडीच एमएमची तांब्याची एफआर (आग न पसरवणारी) वायर, फेज आणि न्यूट्रल, सोबत हिरवी अर्थ तीही अडीचचीच. मध्ये जोड नको. बोर्डात या लाइनसाठी वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीसीबी. १०० मिलीअँपिअरचा कुणी गळ्यात मारला तर परत करा, तो माणसाला वाचवायला नसतो. बाथरूमच्या दाराबाहेर २० अँपिअरचा इंडिकेटरवाला डीपी (डबल पोल) स्विच, आणि गिझर प्लग टॉपशिवाय थेट कनेक्टरवर. प्लग टॉपची सैल पिन हीच जळण्याची पहिली जागा.

अर्थिंग होतंय मग आरसीसीबी कशाला, असं मालक विचारतील. अर्थ पिटचा (जमिनीत गाडलेल्या अर्थचा) रोध १० ओहम आला तर बॉडीला फेज लागल्यावर २३ अँपिअर वाहतील. १६ च्या सी टाइप एमसीबीला क्षणात पडायला किमान ८० लागतात. तोवर बॉडी जिवंत. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरलाच तोडतो. अर्थला परड्यात ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा गाडा आणि अर्थ टेस्टरने रोध मोजून कागदावर लिहून घ्या.

आरसीसीबीतून निघालेला न्यूट्रल फक्त या लाइनलाच. वायरमन दिव्यांचा न्यूट्रल त्यात मिसळतो, मग दिवा लावला की आरसीसीबी पडतो आणि "आरसीसीबीच खराब" म्हणून काढून टाकतात.

काम संपल्यावर टेस्टचं बटण दाबा, लगेच पडला पाहिजे. पुढे महिन्याला एकदा. बटणाने फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थ नव्हे. अर्थसाठी नव्या लाइनच्या टोकाला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावायचा. आरसीसीबी झटक्यात पडला तर अर्थची वायर शेवटपर्यंत पोहोचलीय. काहीच झालं नाही तर वायरमनला जाऊ देऊ नका.