पहिलं पुस्तक स्वखर्चाने काढावं का?

पारावरचा:
नव्याने लिहिणाऱ्याला हल्ली सर्रास एकच सल्ला मिळतो: प्रकाशकाच्या मागे कशाला लागता, पैसे भरा, महिन्याभरात पुस्तक हातात. मला हे अजिबात पटत नाही. आधी चार-पाच वर्षं नियतकालिकांना, दिवाळी अंकांना पाठवावं. साभार परत आलं तर येऊ द्या. अनोळखी संपादक आपली कथा निम्मी कापतो तेव्हा जे कळतं, ते कुठल्या कार्यशाळेत कळत नाही. अरुण कोलटकरांच्या कविता पन्नासच्या दशकापासून छापून येत होत्या. मराठी संग्रह आला १९७७ मध्ये.

बालाघाट:
साभार परत यायचे दिवस गेले हो. आता उत्तरच येत नाही. बऱ्याच दिवाळी अंकांतला मजकूर आधीच सांगून मागवलेला असतो, उरलेल्या जागेत जाहिराती. आमच्यासारख्या आडगावच्या माणसाने कुठल्या दारात उभं राहायचं?

आणि कोलटकरांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो संग्रह काढला प्रास प्रकाशनाने, म्हणजे अशोक शहाण्यांनी, म्हणजे मित्राने. त्या पिढीने कुणाची परवानगी मागितली नव्हती. लघुअनियतकालिकं, म्हणजे स्वतःच काढलेली छोटी मासिकं, हातयंत्रावर सायक्लोस्टाइल करून वाटली त्यांनी.

पारावरचा:
मित्राने काढलं हे खरं, पण कसल्या मित्राने! मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासण्यातला शहाण्यांचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे. पॅकेज विकणारा तुमची वेलांटी तरी बघतो का?

खिळेजुळारी:
छापखान्यात उमेदवारी केलेला माणूस म्हणून बोलतो. स्वखर्चाने काढायचंच असेल तर निदान हिशोब समजून घ्या. एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडलेली सोळा पानं म्हणजे एक फॉर्म. १६० पानं म्हणजे दहा फॉर्म बरोब्बर बसतात. १६३ झाली की अकरावा फॉर्म लागतो आणि ती तीन पानं महागात पडतात. एवढं कळलं की नवलेखक आपोआप काटछाट करायला लागतो, संपादक असो वा नसो. ऑफसेट छपाईत पाचशे-हजार प्रतींशिवाय परवडत नाही, असं सांगून लोकांच्या गळ्यात गठ्ठे मारतात. डिजिटल छपाईत पन्नास प्रतीसुद्धा निघतात. दर प्रतीला जास्त पडतात, पण पलंगाखाली वाळवी तरी पोसली जात नाही.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर सरळ उठून या. आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सी तो क्रमांक फुकट देते.

गोदाकाठ:
बहिणाबाईंना कुठे संपादक होता?

पारावरचा:
मुलाने, सोपानदेवांनी, वही अत्र्यांपर्यंत नेली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. वाचणारं कुणीतरी लागतंच.

बालाघाट:
म्हणजे हयातीत पुस्तक बघायचंच नाही का आम्ही?

कलम_एकोणीस:
दोघांचंही एक राहिलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्याच पुस्तकासाठी आहे. घाईघाईत स्वखर्चाने एक काढलंत की ते दार बंद. वेळ लागतो, मान्य, पण अर्ज करायला आडगाव आड येत नाही.

दुसरं, करारपत्र. स्वामित्वहक्क लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणीची सक्ती नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं धरली जाते. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व भाषा’, ‘सर्व माध्यमे’ असे शब्द दिसले की सही करू नका, मग पैसे तुम्ही भरा की त्यांनी. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी छपाईचा सगळा खर्च दिला आणि वर हक्कही लिहून दिले. आता दुसरी आवृत्ती काढायची तर त्याच माणसाची परवानगी!

पारावरचा:
पैसे देऊन वर हक्कही दिले? कमाल आहे.

बालाघाट:
अनुदानाचं माहीत नव्हतं. पण निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं? गावातल्या दहाजणांना तरी वाचायला द्यायचंय.

खिळेजुळारी:
झेरॉक्स काढा, स्पायरल मारा, वाटा. त्याला पुस्तक कोण म्हणतंय?

पारावरचा:
अकरावी प्रत मला पाठवा. लाल पेन घेऊन बसतो.

बालाघाट:
पाठवतो. पण पेन नको, पेन्सिल घ्या.