आधी ऑटोपे, मग सेक्रेटरीपद

नव्या संकल्पांआधी जुनी ओझी उतरवा, असं कुणीतरी म्हटलेलं वाचलं आणि पटलं. मी सुरुवात ऑटोपेपासून केली. रविवारी यूपीआय ॲपमध्ये बघितलं तर पाच मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला मीच दिलेल्या परवानग्या, चालू! एक जिमचं, जिथे गणपतीनंतर पाऊल टाकलेलं नाही. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. मीच न वाचता सरकवायचो. तीन रद्द केली, दोन मिनिटांत.

सोसायटीचं सेक्रेटरीपद मात्र चिवट. ‘मग टँकर कोण बोलावणार?’ म्हणत तळमजल्यावरचे काका दारात हजर. या खेपेला वहीच त्यांच्या हातात ठेवली, टँकरवाल्याच्या नंबरासकट. भिशी तेवढी ठेवलीये. तिथली कांदाभजी सोडवत नाहीत.