लाल डब्यातल्या एचडी डीव्हीडी: ठेवू की टाकू?

एडिसनकर
बेसमेंट आवरायला काढलंय. त्यात तोशिबाचा एचडी-ए२ प्लेअर आणि लाल डब्यांतल्या एचडी डीव्हीडींचं, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेल्या त्या डिस्कचं, एक खोकं निघालं. २००७ च्या नोव्हेंबरात तो प्लेअर शंभर डॉलरच्या आत आला होता, तेव्हा उचललेला. अजून सुरू होतो, पण काही डिस्क अर्ध्यातच अडकतात. घरच्या ब्लू-रे प्लेअरमध्ये टाकल्या तर तो ओळखच दाखवत नाही. लेक म्हणते, बाबा, फेका. फेकण्याआधी विचारतो: ब्लू-रेवर या चालायचा काही मार्ग आहे का? आणि एवढं स्वस्त असून हे प्रकरण बुडालं कशाने?

शनिवारपेठी
सोनीने पीएस३ या गेम कन्सोलमध्ये ब्लू-रे घातला, संपला विषय. त्यात ब्लू-रेच्या ५० जीबीपुढे एचडी डीव्हीडीच्या ३० जीबी. यात आणखी काय चर्चा करायची!

जुनीटेप
इतकं सोपं नव्हतं हो. त्या वर्षी मी इकडे न्यू जर्सीतच एका दुकानात टीव्ही विभागात कामाला होते.

एडिसनकर, आधी तुमचं. लेझर दोन्हीकडे एकच, ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. पण ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिमीवर असतो आणि एचडी डीव्हीडीचा, साध्या डीव्हीडीसारखाच, ०.६ मिमीवर. भिंगाची रचनाच वेगळी लागते, त्यामुळे अपडेट मारून काही होणार नाही. दोन्ही चालवणारा एलजीचा प्लेअर २००७ मध्ये आला होता, पण बाराशे डॉलरला.

मात्र खोक्यातल्या डिस्क जरा उलटसुलट करून बघा. काहींच्या दोन्ही बाजू चकचकीत असतील, वर चित्र नाही, आणि मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरांत एकीकडे ‘एचडी डीव्हीडी’, दुसरीकडे नुसतं ‘डीव्हीडी’. या कॉम्बो डिस्क. डीव्हीडीची बाजू कुठल्याही प्लेअरवर चालेल. “यावर काहीच छापलेलं नाही, नकली माल दिलात” म्हणून काउंटरवर भांडायला येणारे कमी नव्हते!

आता बुडालं कशाने. सुरुवातीच्या कित्येक ब्लू-रे २५ जीबीच्या एकाच थरावर आणि एमपेग-२ या व्हिडिओ दाबून भरायच्या जुन्या पद्धतीत होत्या. शेजारी एचडी डीव्हीडी लावली की तीच उजवी दिसायची. प्लेअरही अर्ध्या किमतीत: २००६ मध्ये तोशिबाचा ४९९ ला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे ९९९ ला. तरी घेत कोण होतं? डिस्ने, फॉक्स, सोनी हे स्टुडिओ फक्त निळ्या डब्यात, म्हणजे ब्लू-रेवर. युनिव्हर्सल फक्त लाल. वॉर्नर दोन्हीकडे. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे, मग ऑगस्ट २००७ मध्ये एकदम लाल. पोरांना डिस्ने हवा आणि आपल्याला युनिव्हर्सल, तर काय दोन-दोन प्लेअर मांडायचे? लोक सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि अपस्केलिंगवाला, म्हणजे चित्र एचडीच्या मापाला ताणून दाखवणारा, साधा डीव्हीडी प्लेअर काखेत मारून जायचे. माझ्या मते दुकानात जिंकत होता तो.

पीएस३ ने हातभार लावला, नाही कशाला म्हणू? पण निकाल वॉर्नरने लावला. ४ जानेवारी २००८ ला, लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या अगदी तोंडावर, त्यांनी ब्लू-रेचा एकटीचा हात धरला. एचडी डीव्हीडीवाल्यांना तिथली पत्रकार परिषद रद्द करावी लागली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स ब्लू-रेकडे गेलं, वॉलमार्ट गेलं, १९ तारखेला तोशिबाने गाशा गुंडाळला. तुमचा प्लेअर म्हणजे मोडायला आलेल्या लग्नाचा सेलमधला शालू.

शनिवारपेठी
बरं, मान्य. आम्हाला इथे ही मारामारी पेपरातूनच कळायची. पुण्यात तेव्हा मोझर बेअर कंपनीची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला. व्हीसीडी घेतली की ऐन रंगात आलेला पिक्चर थांबवून दुसरी डिस्क घालायला उठायचं. एचडी दिसेल असा टीव्ही तरी कोणाकडे होता!

एडिसनकर
जुनीटेपताई, निघाल्या की तशा काही! लेकीला दाखवल्या. पण अडकतात त्यांचं काय? एक ओरखडा नाही.

जुनीटेप
ओरखडा नाही म्हणजे थरातच बिघाड. बऱ्याच एचडी डीव्हीडींना हा रोग लागलाय. पुसून, पॉलिश करून उपयोग नाही, त्या सोडून द्या. बाकीच्यांसाठी प्लेअर ठेवा. एचडीएमआय आहे, १०८०आय म्हणजे एचडी चित्र देतो, साध्या डीव्हीडीही बऱ्या दाखवतो. तो गेलाच तर एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलचा यूएसबीवाला एचडी डीव्हीडी ड्राइव्ह सेकंडहँड शोधा, कंप्युटरलाही जोडता येतो. फक्त पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एचडी डीव्हीडीच लावून दाखवायला सांगा. साध्या डीव्हीडीचा लेझर वेगळा असतो, ती चालली म्हणजे निळा लेझर शाबूत आहे असं नाही.