मदत हवी आहे: तीन साधी फंक्शन्स की एकच गुंतागुंतीचा लूप?

मंडळी, महापेला एका छोट्या कंपनीत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवर काम करतो, सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर. थकबाकीच्या रिपोर्टसाठी मी तीन छोटी फंक्शन्स (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) लिहिली: थकबाकीदार निवडणं, व्याज लावणं, विंगप्रमाणे गट करणं. यादीवरून तीनदा फिरावं लागतं, मान्य. सिनियर दादा म्हणतात, सगळं एकाच लूपमध्ये, म्हणजे यादीवरच्या एकाच फेरीत कोंब, वेळ वाचेल.

पण घोडबंदर रोडवरचं मोठं कॉम्प्लेक्स धरलं तरी फ्लॅट हजार-दोन हजार! एक फेरी काय नि तीन काय, काम यादीच्या लांबीच्याच प्रमाणात वाढतं. खरा वेळ डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे तिथून माहिती मागवण्यात जातो. (लूपच्या आत, प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळी क्वेरी असती तर आधी मीच ओरडलो असतो.) संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्येच लिहिलंय की साधारण ९७ टक्के वेळा अशी बारीकसारीक बचत विसरावी. उरलेले ३ टक्के सोडू नका, हेही त्यांचंच, आणि दादा नेमकं तेवढंच ऐकवतात.

व्याजाचा नियम सोसायटीगणिक बदलतो, तेव्हा तो लूप उसवत मलाच बसावं लागणार. सीप्रोफाइलचे (कोडच्या कुठल्या भागात किती वेळ जातो ते मोजणारं पायथॉनचं साधन) आकडे दादांसमोर ठेवले तर पुरे का? तुमच्या टीममध्ये ‘आधी मोजा, मग बदला’ हा नियम एकमेकांचा कोड तपासताना, रिव्ह्यूत, भांडण न होता कसा पाळता?