मित्राचे लग्न तारकर्लीला, छायाचित्रांची जबाबदारी माझ्यावर: कोणते साहित्य न्यावे?

धरमपेठकर:

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या जिवलग मित्राचे लग्न मालवणजवळ तारकर्लीला, समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टवर होणार आहे. दोन्ही घरची मंडळी नागपूरचीच आहेत आणि पाहुणे मोजकेच राहतील. आदल्या रात्री संगीत, सकाळी हळद आणि लग्न गोरज मुहूर्तावर, उघड्या हिरवळीवर असा बेत ठरला आहे. चित्रफितीसाठी त्यांनी वेगळा माणूस बोलावला असला तरी फोटो मीच काढावेत, असा नवरा-नवरी दोघांचाही आग्रह आहे आणि मी तो मनापासून स्वीकारला आहे.

माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आहे आणि सोबत १८-५५ मिमी व ७०-३०० मिमी या दोन झूम लेन्स आहेत. आजवर मी प्रामुख्याने पक्षी आणि निसर्ग टिपला आहे. घरगुती समारंभ थोडेफार केले आहेत, परंतु अख्खे लग्न एकट्याने कधीच केलेले नाही. साठ हजारांच्या आसपास रक्कम बाजूला काढली आहे. या रकमेत जुनी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, घ्यावी, की आहे त्याच बॉडीसाठी चांगली लेन्स घ्यावी, की काही वस्तू भाड्याने न्याव्यात? जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास उपकार होतील.

उजेडवाट:

बॉडीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डी५६०० चा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर लग्नाच्या अल्बमसाठी पुरेसा आहे. अडचण आहे ती आपल्या १८-५५ ची, कारण ५५ वर तिचे अपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची लेन्स त्याच प्रसंगी जवळपास दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे जिथे आपल्याला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १२८०० लावावा लागला असता तिथे १६०० च्या खाली काम भागते. गोरज मुहूर्ताला हा फरक निर्णायक ठरतो. मंगलाष्टके सुरू होताना आकाशात पुरेसा उजेड असतो आणि सप्तपदीपर्यंत पूर्ण अंधार पडतो, शिवाय मधल्या वेळात उजेड दर पाच मिनिटांनी बदलत राहतो.

निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (डी५६०० सारख्या लहान सेन्सरसाठीची) ही लेन्स आपण विकत घ्यावी. ती लहान आहे, हलकी आहे आणि लग्नानंतरही कायम उपयोगी पडेल. जुन्या बाजारात लेन्स पाहताना मात्र एक गोष्ट नीट तपासावी. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे निकॉनच्या लेन्सपैकी नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेल्या लेन्सच तिच्यावर आपोआप फोकस करतात. ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी लेन्स स्वस्त मिळते म्हणून अनेक जण घेतात आणि मग ऐन अंतरपाटाच्या वेळी हाताने फोकस फिरवत बसतात.

एफ/१.८ हाताशी आहे म्हणून प्रत्येक फोटो एफ/१.८ वर काढू नये. वधू-वर एकाच रेषेत उभे नसतील तर एकाचे डोळे स्पष्ट येतात आणि दुसऱ्याचे विरघळतात. दोघांच्या फोटोसाठी एफ/२.८ ते एफ/४, आणि कुटुंबाच्या तीन रांगा असतील तर एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवावे.

लग्नघरचा_कॅमेरा:

वरील प्रतिसादातील लेन्सविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु बॉडीचा विचार बाजूला ठेवण्याशी मी सहमत नाही. फोटोचा दर्जा हा माझ्या हरकतीचा विषय नाही, मी कार्डाबद्दल बोलतो आहे. डी५६०० मध्ये कार्डाची एकच जागा आहे. ते कार्ड बिघडले तर हळदीपासून पाठवणीपर्यंत सारे गेले, आणि लग्न पुन्हा लागत नाही. २०१४ मध्ये आलेल्या निकॉन डी७५० मध्ये एसडी कार्डाच्या दोन जागा आहेत आणि दुसऱ्या कार्डावर त्याच क्षणी प्रत उतरवण्याची सोय आहे. ही बॉडी आणि २४-७० एफ/२.८ लेन्स चार-पाच दिवसांसाठी भाड्याने घ्यावी. नागपूरच्या सीताबर्डीत चौकशी केल्यास भाड्याने साहित्य देणारे भेटतील. देताना ते अनामत रक्कम आणि ओळखपत्र मागतात. बॉडी हातात घेतल्यावर दोन्ही कार्डांवर लिहिले जाते का, लेन्सच्या आत बुरशीचे जाळे आहे का आणि फोकस कडेच्या बिंदूंवरही नीट बसतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

डी७५० गळ्यात आणि ३५ मिमी लावलेली डी५६०० खांद्यावर, अशी जोडी ठेवावी, म्हणजे विधी चालू असताना लेन्स बदलावी लागत नाही आणि एक बॉडी बंद पडली तरी काम थांबत नाही. दोन्हींच्या बॅटऱ्या वेगळ्या असल्यामुळे चार्जरही दोन न्यावे लागतील.

अंतरपाटाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या लग्नातला तो खरा क्षण आहे. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी दोघांचेही चेहरे हवे असतील तर वधूच्या किंवा वराच्या मागे उभे राहून चालत नाही. कापडाच्या रेषेत, गुरुजींच्या समोरच्या बाजूला जागा धरावी लागते. तिथे अक्षता टाकणारे नातेवाईक आणि हात उंचावलेले मोबाइल असतात, म्हणून शेवटचे मंगलाष्टक सुरू होण्यापूर्वीच त्या जागी पोहोचावे. शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नये, नाहीतर अक्षतांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा उमटतात. गुरुजींना आदल्या दिवशी भेटून विधींचा क्रम विचारून घ्यावा. बहुतेक गुरुजी आनंदाने सांगतात, आणि कन्यादानाच्या वेळी कुठे बसलो तर अडचण होणार नाही हेही त्यांच्याकडूनच कळते.

मालवणी_मुशाफिर:

मी याच किनाऱ्यावर राहतो, त्यामुळे हवामानापुरते लिहितो. नागपूरची डिसेंबरची हवा कोरडी असते आणि इथली दमट असते. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर बाष्प जमते आणि पुसले तरी पुन्हा येते. म्हणून कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर आणून ठेवावा आणि त्याचे तापमान बाहेरच्या हवेशी जुळल्यावरच पिशवी उघडावी.

वाळूत उभे राहून लेन्स बदलू नये. खाऱ्या वाऱ्याने पुढच्या काचेवर चिकट थर बसतो, त्यासाठी यूव्ही फिल्टर (लेन्सपुढची संरक्षक काच) लावून ठेवावा आणि रात्री बॉडी किंचित ओलसर मऊ कापडाने, नंतर कोरड्या कापडाने पुसावी. हळदीच्या कार्यक्रमाला आपली ७०-३०० उत्तम. सकाळी उजेड भरपूर असतो आणि दूर उभे राहिल्याने हळदीचे हात कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

येथे त्या दिवसांत सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमारास होतो, म्हणजे नागपूरपेक्षा साधारण अर्धा तास उशिरा. आपली वेळापत्रके नागपूरच्या सवयीने आखू नयेत. विमानाने येणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.

धरमपेठकर:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ३५ मिमी विकत आणि डी७५० व २४-७० भाड्याने, असे नक्की केले आहे. उरलेल्या रकमेत फ्लॅश घ्यायचा विचार आहे. पण हिरवळीवर वर छत नाही, मग प्रकाश बाउन्स करणार, म्हणजे आदळून परतवणार, कशावर? आणि मावळत्या सूर्यासमोर दोघांना उभे केले तर चेहरे काळे पडणार नाहीत का?

उजेडवाट:

आपल्या दोन्ही शंका योग्य आहेत. उघड्यावर बाउन्सचा उपयोग नाही, तो संगीताच्या सभागृहात होईल, तेही छत पांढरे आणि फार उंच नसेल तर. सूर्यासमोरच्या फोटोसाठी फ्लॅश डी७५० वर लावावा. त्या बॉडीत हाय-स्पीड सिंकची सोय आहे, त्यामुळे १/२०० पेक्षा जलद शटरवरही फ्लॅश वापरता येतो. डी५६०० मध्ये ती सोय नाही. तिच्यावर फ्लॅश लावला की शटर १/२०० वर अडते आणि आकाश पांढरे पडू नये म्हणून अपर्चर बरेच बंद करावे लागते. फ्लॅश विकत घेताना तो निकॉनसाठीचा आहे आणि त्यात हाय-स्पीड सिंक आहे, याची खात्री करावी.

सप्तपदीच्या वेळी मात्र मी फ्लॅशवर विसंबणार नाही. होमाच्या ज्वाळेचा चेहऱ्यांवर पडणारा तांबूस उजेड समोरच्या फ्लॅशने नाहीसा होतो. त्याऐवजी मित्राला आजच सांगा की, मंडप सजवणाऱ्याकडून मांडवात पिवळसर पांढरे, स्थिर दिवे दोन्ही बाजूंनी लावून घ्यावेत आणि रंग बदलणारे एलईडी दिवे (पार लाइट) संगीतापुरतेच ठेवावेत. जांभळ्या दिव्याखाली आलेला चेहरा नंतर संगणकावर कितीही दुरुस्त केला तरी नीट होत नाही. दिवे विजेवर साधे चालणारे असतील तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि जलद शटरवर फोटोत आडवे पट्टे किंवा कमी-अधिक उजेड दिसू शकतो. तसे दिसल्यास शांत विधींना शटर १/१०० वर आणावे. अंतरपाटाला तोवर आकाशाचा उजेड असल्याने १/२५० चालेल.

भाड्याचे साहित्य निघण्याच्या एक दिवस आधीच ताब्यात घेऊन संध्याकाळी फुटाळा तलावावर जावे आणि सूर्य मावळल्यापासून दिवे लागेपर्यंत घरच्याच दोघांना समोर उभे करून सराव करावा. कार्डे ६४ जीबीची, प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी ठेवावीत. एका रॉ फाइलला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलला) साधारण २५ एमबी धरले तरी दोन हजारांहून अधिक फोटो एका कार्डावर मावतात. रात्री सारे लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे, आणि नागपूरला पोहोचून तिसरी प्रत होईपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नये. परतीच्या प्रवासात हार्ड डिस्क आणि कार्डे एकाच बॅगेत ठेवू नयेत. एक संच मित्राच्या भावाकडे किंवा अन्य विश्वासू माणसाकडे द्यावा.