लष्कर बोलावलं, पुढे काय झालं? तुमचे अनुभव सांगा

'लष्कराला पाचारण' ही बातमी एका ओळीत येते. बोलावतं कोण, हुकूम कुणाचा चालतो, पोलिसांशी जमतं कसं, हे जवळून पाहिलेल्यांनी लिहावं. गावाचं, युनिटचं नाव नको. सुरुवात माझ्यापासून.

निवृत्त नायब तहसीलदार
दंगलीची दुसरी रात्र. प्रांतसाहेबांनी मला कार्यकारी दंडाधिकारी म्हणून लष्कराच्या कॉलमबरोबर, म्हणजे बंदोबस्ताला निघालेल्या तुकडीबरोबर, धाडलं. तेव्हा फौजदारी संहितेचं कलम १३० होतं. १ जुलै २०२४ पासून नागरी सुरक्षा संहितेचं १४९. जमाव एरवी पांगत नसेल तर सैन्याला सांगायचं दंडाधिकाऱ्याने. कसं पांगवायचं ते लष्करी अधिकारी ठरवणार, तेही कमीत कमी बळ वापरून. मेजर माझ्याहून बराच लहान. म्हणाला, "सर, पहले लिखकर दीजिए." जीपच्या बॉनेटवर, बॅटरीच्या उजेडात लिहिलं. त्याने कागद परत केला. वेळ टाकली नव्हती! ११ वाजून ४० मिनिटं असं लिहून दिलं, तेव्हा ट्रक हलले. मी मनातून चडफडलो. पुढे चौकशीत मला पहिला प्रश्न वेळेचाच आला.

माजी सुभेदार
मेजरसाहेब बरोबर होते. आम्हाला पढवलेलं असायचं: हवेत गोळी नाही, ती कुठेतरी पडतेच. वेळ आलीच तर एका जवानाचं नाव घेऊन हुकूम, नेम खाली. नंतर रिकामी काडतुसं मोजून गोळा करायची. आणि काम संपलं की बराकीत परत. पोलिसांना वाटायचं, अजून आठवडाभर राहा. आमचे सीओसाहेब (कमांडिंग ऑफिसर) ऐकायचे नाहीत. रोज दिसणाऱ्या वर्दीला कोण घाबरतं?

पोलीस बिनतारी विभाग
आमचे सेट आणि त्यांचे सेट एकमेकांशी बोलायचेच नाहीत. शेवटी आमचा एक हवालदार सेट घेऊन त्यांच्या ट्रकमध्ये बसवला. तरी घोटाळा झालाच. आम्ही सांगतोय 'जकात नाक्यावर या', आणि नाका पाडून कैक वर्षं झालेली. त्यांच्या नकाशावर तो असणार कुठून! त्या रात्री हवालदाराने वाट दाखवली म्हणून निभावलं.

सागर रक्षक दल
आमचा अनुभव सरावाचा. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर 'सागर कवच' होतं. लाल टीम घुसखोर, निळी टीम अडवणार. त्यात नौदल, तटरक्षक दल, पोलीस, कस्टम सगळे. एकदा एक बोट बंदरात शिरली. मासेमारीचीच होती, पण जाळं खडखडीत कोरडं. १०९३ या सागरी सुरक्षेच्या हेल्पलाइनला फोन लावला. दोन खात्यांची माणसं धावत आली आणि बोटीवर आधी कोण चढणार यावर धक्क्यावरच जुंपली. लाल टीमवाले बसून हसत होते.

एक रहिवासी
फ्लॅग मार्च बाल्कनीतून पाहिला. ट्रकमधला जवान वर बघून एवढंच म्हणाला, "अंदर जाइए." गेलो मुकाट. तेच सांगून खालच्या पोलिसाचा तीन दिवसांत घसा बसला होता. त्याने वर पाहिलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं.