"तेव्हाच का नाही बोलली?" हा प्रश्न आपण नक्की कोणाला विचारतो?

गंगेवरची:
रविवारी मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो होतो, नेहमीचं टोळकं, मी, नवरा, त्याचे दोन मित्र आणि त्यांच्या बायका. पापड येईपर्यंत एकाने मोबाईलवर, नाना पाटेकरांनी २००८ मध्ये छळ केला असा आरोप करणाऱ्या आणि २०१८ मध्ये केस करणाऱ्या नटीची, तनुश्री दत्ताची, कुठलीतरी जुनी मुलाखत लावली आणि झालं, रस्सा गार व्हायच्या आत निकाल लागला. "दहा वर्षं कुठे होती?" "काम मिळेना म्हणून." "नाना असं करणं शक्यच नाही, शेतकऱ्यांसाठी केवढं करतो तो माणूस." टेबलावर सहा जण आणि सहापैकी एकानेही त्या केसचा एक कागद वाचलेला नाही, मी धरून.

आधीच सांगते, नाना पाटेकर दोषी आहेत असं मी म्हणत नाहीये. त्यांनी आरोप पहिल्यापासून नाकारलेत आणि कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. २०१७ ला हॉलिवूडच्या हार्वी वाईनस्टीनवर बायकांनी छळाचे आरोप केले, ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा हीच मंडळी "त्या लोकांत असंच चालतं" म्हणून मोकळी झाली होती, तेव्हा कोणी विचारलं नाही की त्या बायका इतकी वर्षं काय करत होत्या. तिकडचा निर्माता, ना चेहरा ओळखीचा ना डायलॉग पाठ, मग काय, लगेच खरं वाटलं. आपला माणूस आला की पुरावा दाखवा.

मला हे का टोचतं ते पण सांगते. कॉलेजात असताना मी हौशी नाटकाला बॅकस्टेज करायचे. एक दिग्दर्शक होते, गावात मोठं नाव, पाया पडल्याशिवाय कोणी तालमीला सुरुवात करायचं नाही. नवीन मुलगी आली की एक सिनियर ताई कपडेपटाच्या डब्यातून दोन सेफ्टी पिना काढून तिच्या हातात द्यायची. "ओढणी दोन्ही खांद्यांना लाव, आणि सर उभं कसं राहायचं दाखवायला जवळ आले की तू आधीच विंगेत सरक." एवढंच. का, कशाला, कोणी विचारायचं नाही. पुढे मीही दोघीतिघींना पिना दिल्या. सर वारले तेव्हा शोकसभेला हॉल भरला होता, मीही गेले, फुलं वाहिली.

आज त्यातली एखादी बोलली तर लोक म्हणणार तेव्हाच का नाही सांगितलं. अहो, पिन देणं म्हणजे सांगणंच होतं की.

सातपूरचा_फिटर:
ताई तुमच्या सरांचं वाचून वाईट वाटलं पण त्याचा नानाशी काय संबंध?? हे म्हणजे भलत्याची शिक्षा भलत्याला. पोलिसांनी २०१९ मध्ये बी समरी दिली, मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या कोर्टाने पण केस उडवली, अजून काय पाहिजे? २०१५ पासून नाम फाउंडेशन चालवतो तो माणूस, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या घरी जाऊन मदत दिली, किती हिरो गेले सांगा. आणि एक बाई दहा वर्षांनी येऊन बोलते की आपण लगेच माना डोलवायच्या. मी फॅन आहे, लपवत नाही.

झकास_नाशिककर:
पब्लिसिटी. बाकी काही नाही.

गंगेवरची:
@झकास, अशी पब्लिसिटी मिळून कोणाचं भलं झालंय, एक नाव सांगा. वाट बघते.

काळाकोट_सीबीएस:
वकिली करतो म्हणून तोंड घालतो, दोन्ही बाजूंना आवडणार नाही. ए समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी किंवा पुरावा हाताला लागत नाही, बी म्हणजे पोलिसांच्या मते तक्रार खोटी, सी म्हणजे गैरसमजातून झालेली. पण समरी हे पोलिसांचं मत असतं, निकाल नसतो. मॅजिस्ट्रेटपुढे काय झालं, तर घटना सांगितली २००८ ची, एफआयआर ऑक्टोबर २०१८ चा, कलमं आयपीसी ३५४ (विनयभंग) आणि ५०९ (बाईला लाज वाटेल असे शब्द किंवा हावभाव). तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) ४६८ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला मुदत असते आणि ह्या कलमांना ती तीन वर्षं होती. मुदत केव्हाच संपलेली, म्हणून दखल घेतली नाही. खरं की खोटं ह्यात कोर्ट गेलंच नाही. म्हणून फिटरभाऊ, "कोर्टात खोटी ठरली" असं म्हणू नका. आणि ताई, उद्या कोणी म्हणेल की मुदतीमुळे वाचले, तर तेही चूक, कारण दोष सिद्धच झालेला नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला अशी मुदत नाही हेही लक्षात ठेवा, लोक सगळं एका पोत्यात भरतात.

सातपूरचा_फिटर:
म्हणजे तेव्हाच बोलायला पाहिजे होतं हे कायदा पण सांगतो ना वकीलसाहेब! हेच तर म्हणतोय मी.

गंगेवरची:
फिटरदादा, ती तेव्हाच बोलली होती. २००८ लाच कलाकारांच्या संघटनेकडे, सिन्टाकडे, तिने तक्रार केली होती. आणि २०१८ ला सिन्टाने स्वतः कबूल केलं की त्या वेळी छळाची मूळ तक्रार होती तिची दखलच घेतली गेली नाही. दहा वर्षं कोण गप्प होतं मग? तक्रार खरी होती की नव्हती ते बाजूला ठेवा, पण "बोलली नाही" हे तरी खोटं आहे ना.

द्राक्षबाग_निफाड:
मी फॅनबिन नाही कोणाचा. पण आमच्या घरात हे भोगलंय म्हणून लिहितो. चुलतभावावर विनयभंगाची केस झाली, मागे बांधाचं भांडण होतं हे अख्ख्या गावाला माहीत, तरी पण केस झाली त्या दिवसापासून माणूस संपला. तीन वर्षं तारखा, छाटणीच्या दिवसात पण मजूर सोडून निफाडच्या कोर्टात उभा, पोरीचं लग्न ठरता ठरता मोडलं, शेवटी सुटला. सुटला तेव्हा कोणी पेढे वाटले नाहीत का कोणी माफी मागितली नाही. अजून पारावर बसला की दोन जण उठून जातात. तुम्ही म्हणता लोक बाईवर विश्वास ठेवत नाहीत, आमच्याकडे तर उलट झालं. नटाचं बरंय, त्याच्या मागे फॅन उभे राहतात, साध्या माणसाच्या मागे कोण असतं?

एचआरवाली_अंबड:
दादा, तुमच्या भावाचं झालं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य परत वाचा, तुम्ही ताईंचाच मुद्दा मांडलाय. नटामागे फॅन असतात, साध्या माणसामागे कोणी नसतं. म्हणजे लोक बाईकडे बघून ठरवतच नाहीत, समोरचा पुरुष किती मोठा ते बघून ठरवतात.

कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर आहे मी, २०१३ च्या कायद्याखाली दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं ती लागतेच. प्रत्येक ट्रेनिंगला पहिला हात वर होतो तो "मॅडम खोटी तक्रार केली तर?" यासाठीच. कलम १४ मध्ये आहे त्याचं उत्तर. मुद्दाम खोटी तक्रार केली असं सिद्ध झालं तर कारवाई होते. पण त्याच कलमात लिहिलंय की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी धरायची नाही. हे दुसरं वाक्य ऐकताना निम्मे लोक चहाच्या मशीनकडे बघत असतात.

निवृत्त_मास्तर:
माझ्या वयाला न शोभणारं विचारतो. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत माणूस निर्दोष, हे आम्ही नागरिकशास्त्रात चाळीस वर्षं शिकवलं. ते आता गुंडाळून ठेवायचं का? हॉलिवूडचा नट केव्हिन स्पेसी, त्याचं लंडनला काय झालं? जुलै २०२३ मध्ये ज्युरीने लैंगिक गुन्ह्यांच्या नऊच्या नऊ आरोपांतून सोडलं, पण तोवर त्याचं काम जे जायचं ते गेलं होतं.

काळाकोट_सीबीएस:
मास्तर, ते तत्त्व कोर्टाला बांधतं, सरकारने कोणाला आत टाकू नये म्हणून आहे. तुम्ही घरात मोलकरीण ठेवताना, मुलीला क्लासला पाठवताना कोर्टाचा निकाल मागता का? आणि सुटणं एका जातीचं नसतं. अमेरिकेचा विनोदी नट बिल कॉस्बी, त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल २०१८ ला शिक्षा झाली, जून २०२१ ला पेन्सिल्वेनियाच्या सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, का, तर आधीच्या सरकारी वकिलाने खटला न चालवण्याचा शब्द दिला होता. बायका खोट्या ठरल्या म्हणून नव्हे. तुमच्या स्पेसीचं वेगळं, तिथं ज्युरीने पुरावा ऐकून सोडलं, ते मानलंच पाहिजे. हा फरक करायचे कष्ट कोणी घेत नाही.

सातपूरचा_फिटर:
मग केरळचं बोला. तिथला नट दिलीप, एका नटीवरच्या अत्याचाराच्या कटात त्याला २०१७ ला अटक, आठ वर्षं खलनायक ठरवला, आणि डिसेंबर २०२५ ला निर्दोष सुटला. त्याची आठ वर्षं कोण देणार?

एचआरवाली_अंबड:
त्याच निकालात सहा जण दोषी ठरले, वीस वीस वर्षं शिक्षा लागली, ते का नाही लिहिलं? अत्याचार झाला हे कोर्टाने मान्यच केलं, दिलीपचा कटात हात सिद्ध झाला नाही. आणि त्या मुलीने तर लगेच तक्रार केली होती, "तेव्हाच" च्या पण आत. तिला काय बक्षीस मिळालं? त्याच प्रकरणामुळे मल्याळम सिनेमातल्या बायकांची परिस्थिती तपासायला हेमा समिती नेमली, तिचा अहवाल २०१९ ला सरकारच्या हातात पडला आणि लोकांना वाचायला मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही पानं गाळून.

झकास_नाशिककर:
कोण नटी होती ती, नाव माहितीये मला, टाकू का?

काळाकोट_सीबीएस:
टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आधी आयपीसी २२८ ए होतं, आता न्याय संहितेत कलम ७२. तुमच्यासारख्यांच्या केसेस घ्यायला मला वेळ नाही.

निवृत्त_मास्तर:
वकीलसाहेब, मोलकरणीचं उदाहरण पटलं, थोडंसं. तरी पण उशिरा बोलण्याचं कोडं सुटत नाही. कोर्टात मुदत गेल्यावर बोलून उपयोग काय? नुसती बदनामी?

गंगेवरची:
मास्तर, ह्यावर निकाल आहे. पत्रकार प्रिया रमाणींनी माजी मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर छळाचा आरोप केला, म्हणून अकबर यांनी तिच्यावर बदनामीचा खटला केला होता, तिने सांगितलेली घटना १९९३ ची. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिला निर्दोष सोडलं आणि म्हटलं की बाईला आपलं गाऱ्हाणं कितीही वर्षांनी, तिला वाटेल त्या ठिकाणी मांडायचा हक्क आहे. म्हणजे केस करायला मुदत आहे, बोलायला नाही. आता बोलून उपयोग काय, तर मला विचाराल तर पुढच्या मुलीला पिन द्यायच्या ऐवजी कारण सांगता येतं, एवढा तरी आहे.

द्राक्षबाग_निफाड:
आणि बोलणारी खोटं बोलत असेल तर? तिला पण मुदत नाही. हे बरोबर वाटत नाही मला, माफ करा.

गंगेवरची:
दादा, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बदनामीचा कायदा आहे, पण तुमच्या भावाला तो घेऊन कुठं जाता आलं असतं, माहितीये मला.

प्रकाशयोजना:
बऱ्याच वेळ वाचतोय, लिहू की नको चाललं होतं. मी त्याच काळात लाईट करायचो, एकांकिका वगैरे. कोणाचा ग्रुप ते विचारत नाही, पण पिनांचं मला माहीत होतं. आम्ही मुलं वर लाईटच्या शिडीवरून बघायचो आणि जोक करायचो, "आज बंदोबस्त कडक आहे." मला खरंच वाटायचं मुलींचे नखरे आहेत. सरांनी मला पहिला स्पॉट कसा फोकस करायचा ते हाताला धरून शिकवलं होतं, त्यांच्याबद्दल वाकडं डोक्यात यायचंच नाही. आज कोणी त्यांचं नाव घेतलं तर मी पहिल्यांदा "शक्यच नाही" असंच म्हणेन, हे लिहिताना पण तेच येतंय मनात.

सातपूरचा_फिटर:
ताई, सिन्टाचं मला माहीत नव्हतं, शोधून वाचलं. तरी पण मी नानाच्याच बाजूने आहे, सिद्ध होत नाही तोवर. फक्त "दहा वर्षांनी उठली" हे इथून पुढे नाही म्हणणार, ते चुकीचं निघालं.

द्राक्षबाग_निफाड:
ते सगळं ठीक. पण ताई, राग मानू नका, तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही शोकसभेला गेलात, फुलं वाहिलीत, आणि मिसळीच्या टेबलावरच्या लोकांना जाब विचारता. हे कसं?

गंगेवरची:
विचारलंत ते बरोबरच आहे. सगळे चालले होते म्हणून गेले, दुसरं काही कारण नाही. पिना देणारी ताई पण आली होती, पुढच्या रांगेत बसली होती, सरांच्या फोटोला हार तिनेच घातला. नंतर बाहेर चहाला आम्ही शेजारी उभ्या होतो. तिने विचारलं, मुलगी कितवीला गेली गं तुझी. मी म्हटलं, अकरावीला. नाटकात घातलं की नाही तिला, म्हणाली. मी म्हटलं, नाही.